संमतीला तारीख असते

गेल्या महिन्यात एका चर्चासत्राला गेले होते. विषय होता 'संमती आणि नातेसंबंध'. पहिला तासभर सगळं सुरळीत चाललं, म्हणजे सगळ्यांना सगळ्यांचं पटत होतं. मग मागच्या रांगेतल्या एका मुलीने अगदी साध्या आवाजात विचारलं, दोन सज्ञान माणसांनी आपसांत ठरवून एकाने हुकूम द्यायचा आणि दुसऱ्याने तो पाळायचा असं नातं ठेवलं, तर ते तुमच्या संमतीच्या व्याख्येत बसतं का? त्यानंतरची चाळीस मिनिटं सभागृहात जे झालं त्याला वाद म्हणणं म्हणजे वादाचा अपमान. एक गट म्हणाला, ही विकृती आहे, यांना डॉक्टरकडे न्या. दुसरा म्हणाला, दोघं राजी आहेत ना, मग मधे बोलणारे तुम्ही कोण? एकाने नाक मुरडलं, दुसऱ्याने खांदे उडवले. मधल्या सुट्टीत ती मुलगी निघून गेली. तिला उत्तर कुणी दिलंच नव्हतं.

मला हा वाद वाईट वाटला तो त्यातल्या आवाजामुळे नाही. दोन्ही बाजू एकच चूक करत होत्या. दोघांनाही संमती म्हणजे दारावरचं तिकीट वाटत होतं. एकदा फाडून आत गेलं की पुढे काय चालतं ते विचारायचं कारण नाही. एकाला तिकीटच खोटं वाटत होतं, दुसऱ्याला ते आयुष्यभर पुरणारं वाटत होतं, एवढाच फरक. माझं म्हणणं असं की ताबा सोपवण्याचं नातं बरं की वाईट, हे हुकूम कोण देतो यावरून ठरत नाही. दिलेला ताबा कोणत्याही क्षणी परत घेता येतो का, आणि परत मागितला तर ते ऐकायला त्या दोघांखेरीज जगात आणखी कुणी आहे का, यावरून ते ठरतं. पहिला प्रश्न संमतीचा आहे आणि दुसरा गोतावळ्याचा. दुसऱ्याबद्दल आपण फारच कमी बोलतो, आणि खरी गोम तिथेच आहे.

आधी शब्दांचं बघू. या नात्यांना 'पॉवर एक्स्चेंज' म्हणतात. त्याचं 'सत्तेची देवाणघेवाण' केलं तर निवडणुकीनंतरच्या बैठका डोळ्यांसमोर येतात, म्हणून मी आपला 'ताबा' हा साधा शब्द वापरते. जो ताबा देतो तो सबमिसिव्ह, जो घेतो तो डॉमिनंट. बोलताना नुसतं सब आणि डॉम. कुणासाठी हा आठवड्यातल्या दोन तासांचा मामला असतो, तर कुणासाठी रोजचा: काय घालायचं, कधी झोपायचं, फोन कधी खाली ठेवायचा. यात वेदना असतेच असं नाही, शरीरसंबंध असतोच असंही नाही. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते ती गोष्ट एकच, निर्णय घेण्याची मुखत्यारी. तिच्याभोवती कुंपण असतं लिमिट्सचं, म्हणजे जे होणार नाही त्याचं. मधे थांबवायला ठरलेला शब्द असतो, सेफवर्ड. पुष्कळ जण सिग्नलचे रंग वापरतात, पिवळा म्हणजे सावकाश, लाल म्हणजे इथेच थांब. आणि सगळं झाल्यावर एकमेकांना सावरायला वेळ असतो, त्याला आफ्टरकेअर म्हणतात.

माझ्या ओळखीत एक बाई आहे. चाळिशीतली, हिशेबनीस, बोलायला फटकळ. तिने एकदा मला घड्या पडून पडून मऊ झालेला एक कागद दाखवला. त्यावर तीन रकाने होते: 'हो', 'बघू', 'नाही'. 'हो'मधल्या काही ओळी वाचून मी डोळे मोठे केले, काही वाचून हसू आवरेना (रात्री अकरानंतर फोन हातात दिसल्यास आठवडाभर भांडी, ही त्यातलीच). 'नाही'चा रकाना सगळ्यांत लांब होता आणि तो अख्खा तिच्या अक्षरात होता. खाली वेगळी एक ओळ होती: 'मी रडले तर आपलं आपण काही समजू नकोस, विचार.' आणि तळाशी एक तारीख. त्या तारखेला कागद रद्द. दर तीन महिन्यांनी दोघं बसून नवा लिहितात. मी विचारलं, "आणि तारीख विसरलात तर?" ती म्हणाली, "तर ताबा संपला. तो आपोआप चालू राहत नाही, आपोआप संपतो. हिशेबात हेच महत्त्वाचं."

आता विरोधी बाजूचं सगळ्यांत भक्कम म्हणणं घेऊ. ते विकृतीवाल्यांचं नाही. ते इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचं आहे. व्यक्तिस्वातंत्र्याची कैफियत १८५९ साली ज्याने मांडली, त्यानेच एका बाबतीत हात आखडता घेतला. माणसाने स्वतःला गुलाम म्हणून विकलं तर तो करार समाजाने मानू नये, असं तो म्हणतो. कारण स्वातंत्र्य वापरायचं ते स्वातंत्र्य टिकावं म्हणून. एका फटक्यात ते कायमचं सोडून देणं हा त्याचा वापर नव्हेच. हे म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. ताब्याच्या नात्यातले काही हौशी लोक 'कायमचा करार', 'आता तुला नाही म्हणायचा हक्क उरला नाही' असली भाषा रंगवून रंगवून वापरतात. खेळातलं वाक्य म्हणून ते चालेल. कुणी ते खरं मानत असेल, तर मिल बरोबर आहे आणि ते चूक आहेत. कुठलंही न्यायालय असला कागद मानणार नाही, आणि मानूही नये.

पण हाच मिल त्याच्या आठ वर्षं आधी काय करत होता? मार्च १८५१ मध्ये, हॅरिएट टेलरशी लग्न करताना, त्याने एक निवेदन लिहून ठेवलं. लग्नाचा कायदा नवऱ्याला बायकोच्या देहावर, मालमत्तेवर आणि वागण्यावर तिची इच्छा न विचारता ताबा देतो; तो ताबा कायद्याने टाकून देण्याची सोय नाही; म्हणून मी निदान वचन देतो की तो कधीही वापरणार नाही. म्हणजे ताबा वाटण्याची पद्धत विचित्र लोकांनी शोधून काढली असं समजायचं कारण नाही. ती आधीपासून प्रत्येक घरात होती. ती मागितलेली नव्हती, ठरवलेली नव्हती, तिला तारीख नव्हती, आणि तिच्यातून बाहेर पडायला मिलसारख्या माणसालाही दार सापडलं नाही. मॅथ्यू हेल या इंग्रज न्यायाधीशाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७३६ मध्ये छापला गेला. त्यात तो स्वच्छ सांगतो की लग्नाच्या करारात बायकोने नवऱ्याला स्वतःला देऊन टाकलेलं असतं, आणि ते तिला परत घेता येत नाही. परत घेता येत नाही! मिलला ज्या गुलामीच्या कराराची धास्ती होती तो करार हाच. इंग्लंडमध्ये तो मोडीत निघायला १९९१ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा तिथलं सर्वोच्च न्यायालय तेच) निर्णय दिला की नवऱ्यानेही केला तरी बलात्कार तो बलात्कारच.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, त्याच हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर ब्राऊन खटला आला. काही समलिंगी पुरुष वर्षानुवर्षं खाजगीत, आपसांत ठरवून, एकमेकांना वेदना देण्याघेण्याचे प्रकार करत होते. तक्रार कुणाचीच नव्हती. पोलिसांच्या हाती भलत्याच तपासात चित्रफिती लागल्या. तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल लागला की अशा इजेला संमती हा बचाव होऊ शकत नाही. काहींवर तर स्वतःवर झालेल्या हल्ल्याला मदत केली म्हणून ठपका आला. १९९७ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही एकमताने इंग्लंडच्या कायद्याची पाठराखण केली. आणि या दोहोंच्या मधोमध, १९९६ मध्ये, एक नवरा अपील न्यायालयात उभा राहिला. बायकोच्याच आग्रहावरून त्याने तापल्या सुरीने तिच्या अंगावर आपली आद्याक्षरं उमटवली होती. तो सुटला. नवराबायकोने राजीखुशीने घरात जे केलं त्यात फौजदारी कायद्याने डोकावू नये, असं न्यायालयाचं मत पडलं. डाग दोन्हीकडे होते, संमतीही दोन्हीकडे होती. एकीकडे लग्नाचा दाखला होता, एवढं तर कुणालाही दिसेल. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण न्यायशास्त्रातही चालते तर.

ब्राऊन खटल्यातल्या बहुमताची बाजू एका वाक्यात उडवून लावण्यासारखी मात्र नाही. राज्यसंस्थेला शरीराच्या इजेत रस असतो, आणि असावाही. 'हो' म्हटलं होतं एवढ्यावर प्रत्येक जखम माफ होऊ लागली, तर सगळ्यात आधी तो बचाव कोण वापरेल? ज्याने 'हो' कधी विचारलंच नव्हतं तो. ही भीती पुढे खरी ठरली. बाई मेल्यानंतर 'तिलाच तसं हवं होतं' असं सांगणारे आरोपी इंग्लंडमध्ये इतके झाले की २०२१ च्या घरगुती अत्याचारविरोधी कायद्यात वेगळं कलम घालावं लागलं: लैंगिक सुखासाठी गंभीर इजेला संमती होती, हा बचाव चालणार नाही. मी या कलमाच्या बाजूने आहे. मेलेल्या माणसाच्या संमतीची साक्ष मारणाऱ्याने द्यावी, यासारखी थट्टा नाही. गळा दाबण्याच्या प्रकाराबद्दलही तेच. तो नीट शिकून घेतला तर सुरक्षित होतो अशी समजूत कार्यशाळांतून पसरली आहे. ती खोटी आहे. मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंदांत तुटतो, शुद्ध गेलेल्या माणसाला सेफवर्ड उच्चारता येत नाही, आणि इजा कधी कधी काही तासांनी किंवा दिवसांनी वर येते. इथे माझं मत 'बघू'च्या रकान्यात नाही.

आणि हे शहाणपण काही आधुनिक नाही. कामसूत्रात प्रणयातल्या आघातांवर एक अख्खा अध्याय आहे. वात्स्यायन प्रकार सांगतो, ठिकाणं सांगतो, आणि मग एकदम तीन अपघातांची नोंद करतो. चोल राजाच्या हातून चित्रसेना नावाची गणिका मेली. कुंतल देशाच्या सातकर्णी सातवाहनाच्या हातून त्याची राणी मलयवती मेली. नरदेवाच्या नेम चुकलेल्या हाताने एका नर्तकीचा डोळा गेला. तिघंही सत्ताधारी, आणि बळी तिन्ही बायका. ही यादी त्याने कशासाठी दिली असेल ते मी सांगायला नको. पुढे तो उपमा देतो ती मला या सगळ्या विषयाचा कणा वाटते. भरधाव सुटलेला घोडा वेगाने आंधळा होतो, त्याला वाटेतला खुंट, खड्डा, दरी काही दिसत नाही. तसंच या वेळी माणसांचं होतं. म्हणूनच कागद आधी लिहायचा असतो. 'तेव्हाचं तेव्हा बघू' असं म्हणणारा माणूस घोड्यावर बसून नकाशा काढायच्या गोष्टी करतो.

तर मग सगळंच बंद करा, धोका कशाला पत्करायचा? हा प्रश्न विचारणाऱ्याने मुष्टियुद्धाकडे बघावं. तिथे समोरच्याच्या मेंदूला हादरा बसून तो कोसळावा हाच विजय. ब्राऊनच्या निकालातही मुष्टियुद्धाला अपवाद म्हणून जागा ठेवली आहे. का? पंच असतो, वैद्य असतो, नियम असतात, बघणारे असतात. फरक वेदनेचा नसून नियम आणि साक्षीदारांचा आहे, असं एकदा मान्य केलं की पुढची मागणी बंदीची असूच शकत नाही. ती नियम आणि साक्षीदार वाढवण्याची असली पाहिजे.

दुसरा आक्षेप स्त्रीवादी मंडळींचा. मी स्वतःला त्यांच्यातलीच समजते, म्हणून तो मला जास्त टोचतो. शतकानुशतकं ज्यांच्या गळ्यात पट्टा होता त्यांनी आता तो 'आवडीने' घातला, याला मुक्ती म्हणायची? हे भांडण जुनं आहे. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी स्त्रियांनी 'सामवा' नावाचा किंकी, म्हणजे ताब्याच्या आणि वेदनेच्या खेळांची आवड असणाऱ्यांचा, गट काढला. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात लैंगिकतेवर परिषद भरली तेव्हा बाहेर दुसऱ्या स्त्रीवादी निदर्शनं करत होत्या. त्यांच्या टी-शर्टवर पुढे 'स्त्रीवादी लैंगिकतेसाठी' आणि पाठीवर 'एसएमच्या (सॅडोमॅसोकिझमच्या, म्हणजे वेदना देण्याघेण्यातल्या सुखाच्या) विरोधात' असं छापलेलं होतं. इच्छा आकाशातून पडत नाही, घरादारातूनच येते, हे पाठीवरच्या मजकुराचं म्हणणं मी नाकारत नाही. पण मग सगळ्याच इच्छांची झडती घ्या. नवऱ्याला विचारल्याशिवाय नोकरी न बदलणाऱ्या बाईची इच्छा कुठून आली? तिला कुणी लिमिट्स विचारल्या होत्या? तिच्या कागदावर कोणती तारीख आहे? नेहमीच्या घरात हुकूम असतो पण त्याला हुकूम म्हणायचं नसतं, आणि ज्याला नावच नाही त्याच्याबद्दल बोलणी कशी करायची? ताब्याच्या नात्यात निदान गोष्ट टेबलावर येते. शिवाय हुकूम देणाऱ्या बायका, पाळणारे पुरुष, बायकांच्या जोड्या, पुरुषांच्या जोड्या असं सगळं तिथे आहे. पितृसत्तेची नक्कल म्हणावी तर ही नक्कल फारच गलथान आहे. हे म्हणताना मी डोळे मिटलेले नाहीत. 'मी डॉम आहे' हे वाक्य पुष्कळ पुरुषांना आयता परवाना वाटतो, आणि 'खरी सबमिसिव्ह नाही म्हणत नाही' हे तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. जो असं म्हणतो त्याला सोपवलेला ताबा नको असतो, त्याला समोर माणूसच नको असतं.

संमतीबद्दल सगळ्यांत काटेकोर वाक्य कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये लिहिलं, असं मला वाटतं. प्रश्न होता, बेशुद्ध होण्याआधी दिलेली संमती बेशुद्धीत चालू राहते का? बहुमत म्हणालं, नाही. संमती देणारं मन त्या क्षणी जागं असलं पाहिजे, म्हणजे कोणत्याही क्षणी ती परत घेता येईल. किंकी गोटात या निकालावर बरीच नाराजी आहे. जोडप्यांच्या खाजगी आयुष्यात फारच खोल हात घातला असं ते म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही. पण हेल आणि हा निकाल शेजारी शेजारी ठेवून बघा. एक म्हणतो, दिलेलं परत घेता येत नाही. दुसरा म्हणतो, परत घेता येत नसेल तर ते दिलेलंच नाही. यातली कोणती बाजू आपली, हे ताब्याच्या नात्यातल्या लोकांनी ठरवायला फार विचार करू नये.

आजाराचा मुद्दा मी थोडक्यात उरकते, कारण तो निकालात निघालेला आहे. क्राफ्ट-एबिंग या मानसोपचारतज्ज्ञाने १८८६ मध्ये विकृतींची जंत्री काढली, आणि पुढच्या आवृत्त्यांत वेदना सोसण्यातल्या सुखाला 'मॅसोकिझम' हा शब्द झाखर-मासोख या हयात लेखकाच्या आडनावावरून पाडला. त्या बिचाऱ्याला विचारलंही नाही. (संमतीच्या इतिहासाची सुरुवात ही अशी.) डेन्मार्कने १९९५ मध्ये हे निदान यादीतून काढलं. अमेरिकेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेने वेगळी आवड आणि विकार यांत रेघ ओढली: स्वतःला त्रास किंवा राजी नसलेल्या माणसाला इजा असेल तरच विकार. जागतिक आरोग्य संघटनेची १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेली यादीही राजीखुशीच्या अशा आवडींना नुसत्या आवडी म्हणून आजार म्हणत नाही. डॉक्टरकडे न्या म्हणणाऱ्यांना डॉक्टर परत पाठवतील.

आता गोतावळ्याकडे येते. 'दोघं राजी आहेत ना' म्हणणाऱ्या दुसऱ्या गटाशी माझं खरं भांडण इथे आहे. दोघंच, बंद खोली, तिसऱ्या कुणाला पत्ता नाही: संमतीसाठी यापेक्षा वाईट हवामान नाही. दिलेला ताबा परत मागण्यासाठी आधी हे ठाऊक असावं लागतं की तो परत मागता येतो. हे एकट्या माणसाला कोण सांगणार? समोरचा? त्याचा तर त्यात स्वार्थ आहे. नवख्या माणसाला पहिल्या भेटलेल्या डॉमकडूनच 'इथली रीत' कळत असेल, तर तो जे सांगेल ती रीत. म्हणून रीत चार ठिकाणी ताडून बघता येणं, दुसऱ्या कुणी 'छे, आमच्याकडे असं नाही हं' म्हणणं, ही चैन नाही. सेफवर्डपेक्षाही ते आधी लागतं.

हे ज्यांना आधी कळलं त्यांनी भेटायला सुरुवात केली. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला यूलेनश्पीगल सोसायटी निघाली, १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला सोसायटी ऑफ जेनस. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका समलिंगी पुरुषांच्या संघटनेतून 'सुरक्षित, शहाणपणाचं, संमतीचं' हे त्रिसूत्र आलं. पुढे १९९९ मध्ये कुणी तरी म्हणालं की सुरक्षित असं काही नसतंच, 'धोका ओळखून, संमतीने' म्हणा. मला दुसरं जास्त प्रामाणिक वाटतं. आणि १९९२ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत एक साधीच कल्पना निघाली: सार्वजनिक खानावळीत, रोजच्या कपड्यांत, नुसतं गप्पा मारायला भेटायचं. त्या भेटीला 'मंच' म्हणतात. मराठीत लिहिलं की तो व्यासपीठाचा मंच वाटतो, पण तिथे मंचावर कुणी नसतं, हीच तर गंमत.

अशा एका मंचाला मी त्या हिशेबनीस मैत्रिणीबरोबर गेले होते. लांब टेबल, दहाबारा माणसं. पहिला अर्धा तास कुणाचा तरी कुत्रा आजारी आहे यावर गेला. माझ्या समोर एक नवा मुलगा बसला होता, पंचविशीचा असेल. पाण्याच्या पेल्याखालचा कागदी रुमाल तो बारीक बारीक फाडत होता. पलीकडच्या साठीच्या बाईंनी त्याला नाव विचारलं नाही, आवडही विचारली नाही. त्यांनी विचारलं, "तू आलास की तुला कुणी आणलं?" तो म्हणाला, "आलो." "बरं केलंस. आज काही ठरवू नकोस. आणि पुढच्या वेळी कुणी 'आत्ताच ठरव' म्हणालं, तर मला येऊन सांग." एवढंच. मग पुन्हा कुत्रा. हजार मार्गदर्शिका वाचून त्या मुलाला जे मिळालं नसतं ते त्याला दोन वाक्यांत मिळालं. घाई करणारा माणूस संशयास्पद, आणि तक्रार घेऊन जायला एक चेहरा आहे.

जवळपास असं काही शोधायचं म्हणजे हेच शोधायचं. मोठा कार्यक्रम नको, आधी मंच. तिथे दोनतीनदा गेल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. ज्याच्याशी ठरतंय त्याच्या आधीच्या जोडीदाराशी बोलता येईल का, हे विचारायचं. त्याला राग आला तर उत्तर मिळालं. आडनाव, कामाचं ठिकाण, चेहऱ्याचा फोटो यांची घाई नको, कारण उद्या कुणी त्यावरून धमकावू शकतो. पहिल्या एकांतातल्या भेटीची वेळ आणि जागा एका मित्राला सांगून ठेवायची, आणि अमुक वाजता माझा फोन आला नाही तर तू कर, हेही.

गोतावळा म्हणजे रामबाण, असं मी म्हणत नाही. पुष्कळ ठिकाणी कुंपणच शेत खातं. वीस वर्षं कार्यशाळा घेणारा, सगळ्यांना दोर बांधायला शिकवणारा, ज्याच्याशिवाय कार्यक्रम होत नाही असा माणूसच नवख्या मुलींना घोळात घेतो, आणि सगळे म्हणतात, अरे तो? तो तर आपल्याला संमती शिकवतो! या गोटात टोपणनावाने वावरायची सोय असते, तीही दुधारी आहे. जी नोकरी वाचवते तीच अत्याचाऱ्यालाही वाचवते. तो शहर बदलतो, नाव बदलतो, पाटी कोरी. हे सगळं खरं आहे. पण हे का लपतं, ते विचारा. फसवली गेलेली बाई पोलिसांत जायला का कचरते? तिला माहीत असतं की पहिला प्रश्न 'त्याने काय केलं' हा नसणार, 'तुम्ही तिथे गेलातच कशाला' हा असणार. ब्राऊन खटल्यात तर मार खाणाऱ्यावरही ठपका आला होता. तक्रार करणाऱ्यालाच आरोपी व्हायची भीती असेल तर गुन्हेगाराला आणखी काय हवं? चोर सोडून संन्याशाला सुळी देणारी ही व्यवस्था आणि 'आमचं आम्ही बघून घेऊ' म्हणणारे आयोजक, दोघं मिळून एकाच माणसाला लपवतात. विकृती विकृती म्हणून ओरडणाऱ्यांना हे सांगितलं की ते म्हणतात, म्हणूनच हे सगळं बंद व्हायला हवं. बंद काय होतं? मंच बंद होतो, साठीच्या बाई घरी बसतात. तो मुलगा मात्र शोधायचा थांबत नाही. त्याला पुढच्या वेळी 'आत्ताच ठरव' म्हणणारा आधी भेटतो.

चर्चासत्रातली ती मुलगी मला दारात गाठता आली असती तर मी तिला तत्त्वज्ञान सांगितलं नसतं. त्या हिशेबनीस बाईचं सांगितलं असतं. परवा त्यांच्या कागदाची तारीख होती. त्या दिवशी कुणी कुणाला हुकूम देत नाही, दोघं समोरासमोर बसतात, आणि जुना कागद ती स्वतः फाडते. या वेळी काय बदललं म्हणून मी विचारलं. दोन गोष्टी 'हो'मधून 'बघू'मध्ये गेल्या होत्या. आणि 'नाही'च्या रकान्यात, तिच्या लांबलचक यादीच्या खाली, पहिल्यांदाच एक ओळ त्याच्या अक्षरात होती.